भरदुपारी ललत

लीड्स,
14 ऑक्टोबर

ती. नाना आणि ती. आईस साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन मधेच तुटला, म्हणून सविस्तर लिहिते. नाना, तुम्ही विचारलंत की रेडिओवर मी भरदुपारी ललत, हा पहाटेचा राग, कसा लावला? अहो, तुमच्याकडे साडेबारा, पण इथे सकाळचे आठच वाजले होते. ऑक्टोबरात इथे उजाडायलाच साडेसात होतात, त्यात आभाळ भरून आलेलं. तुमच्याकडे सारंगाची वेळ झाली होती हे ध्यानात होतं, पण राग इथल्या सूर्याला धरूनच निवडले.

हे इथलं रेडिओ केंद्र लोकवर्गणीवर चालतं. रविवारी सकाळी तासभर कोणी तरी पाहुणा आपल्या आवडीच्या रेकॉर्ड घेऊन येतो आणि त्यांवर बोलतो. निवेदिका बाई सत्तरीच्या आहेत. बीथोवन, ब्राम्स त्यांना तोंडपाठ, आपलं संगीत मात्र तुरळकच ऐकलेलं.

मी गायक अमीर खाँसाहेबांचा ललत लावला. इंदुरात वाढलेला माणूस, म्हणजे आपल्या सातपुड्यापलीकडचाच. बाईंचा विचार होता की चार मिनिटांनी आवाज हळूहळू उतरवावा आणि गप्पा सुरू कराव्यात. मी म्हटलं, चार मिनिटांत ते अजून षड्जापाशीच असतील, पूर्ण वाजू द्या. तेव्हा त्यांनी भिंतीवरचा एक लहानसा दिवा दाखवला. काही सेकंद आवाज आला नाही तर यंत्राला वाटतं की केंद्र बंद पडलं, आणि राखीव संगीत आपोआप सुरू होतं. खाँसाहेब तर दोन स्वरांमध्ये केवढा अवकाश ठेवतात! बाई त्या दिव्याकडेच बघत बसल्या होत्या. दिवा लागला नाही, कारण मागे तानपुरा चालू होता. रेकॉर्ड संपल्यावर त्या पहिलं हेच बोलल्या, की ते मागचं वाद्य एकदाही थांबलं नाही. मग मी सांगितलं की ललतात पंचम, म्हणजे प, नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात, म्हणजे म वर, लावतात. आणि मध्यम दोन्ही, शुद्ध आणि तीव्र, एकापाठोपाठ एक. तुमच्या पेटीवर तुम्ही मला ते दोन मध्यम शेजारीशेजारी दाखवले होते, तसेच मी त्यांना तिथल्या पियानोवर दाखवले.

आई, तुझंही ऐकू आलं बरं का. मी नंतर फोन केला तेव्हा मागून तू म्हणत होतीस, "हाऊ बुवा गावाले कव्हय लागी?" खाँसाहेबांना गायला लागायला वेळच लागतो, म्हणून पुढच्या वेळी तुझ्यासाठी द्रुत, जलद लयीचं लावीन.

पेटीवरून विषय वाढला. बाईंना वाटत होतं की पेटी हे आपलं पुरातन वाद्य. मी सांगितलं, हार्मोनियमचं पेटंट 1842 मध्ये पॅरिसला घेतलेलं आहे, आणि आपल्या रेडिओनं 1940 पासून तीस वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. 1971 नंतर संगतीपुरती हळूहळू मोकळीक मिळाली. नाना, तुम्ही सांगायचात ना, रेडिओवर सारंगी आणि देवळात पेटी, ते यामुळे. बंदीच्या आधी पेटीविरुद्ध लिहिणाऱ्यांत जॉन फोल्ड्स नावाचे संगीतकार होते. दिल्लीच्या रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग ते सांभाळत, आणि होते मूळचे मँचेस्टरचे, इथून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावरचे. हे ऐकून बाई चकितच झाल्या.

फोल्ड्सचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. भैरवातला आंदोलित, म्हणजे झुलता रिषभ पेटीवर निघत नाही, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर नाहीच नाही. पण बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेला शेदोनशे माणसं एका सुरात अभंग म्हणतात, तो सूर धरून ठेवायला दुसरं काय आहे आपल्याकडे? सारंगिये खेडोपाडी कुठून आणणार? ज्यांनी बंदी घातली त्यांनी मैफल पाहिली होती, भजनी मंडळ पाहिलं नव्हतं. हे मी रेडिओवर बोलले, आणि तुमचं नाव न घेता तुमच्याबद्दलही बोलले: शेतातून येऊन हातपाय धुऊन पेटीला बसणारा माणूस, ज्यानं कधी तिकीट काढून मैफल ऐकली नाही, पण सकाळी रेडिओवर कोणता राग चालू आहे ते ओसरीवरून ओळखतो. नाना, माझा कान तयार झाला तो त्या ओसरीवर. इथे लोक विचारतात कुठल्या क्लासला जात होतीस.

मधे तोडी आणि अहिरभैरव झाला. शेवटी केसरबाई केरकरांची भैरवी लावली. 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर धाडलेल्या तबकडीत तीच आहे, बाईंना तेवढी ठाऊक होती आणि त्यांनीच ती मागितली.

आता कामाचं. बाईंनी पुन्हा बोलावलंय आणि या वेळी अभंग हवेत, तेही गावातले, रेकॉर्ड कंपनीचे नकोत. एकादशीच्या भजनाला भाच्याला म्हणावं फोन पेटीपासून चार हात लांब ठेव, भात्याचा आवाज फार येतो. पखवाज त्याहून लांब. सुरुवातीचं "जय जय राम कृष्ण हरी" कापू नका, सगळं पाठवा. मंडळातल्या सगळ्यांना आधी विचारून घ्या, आणि रेडिओवर कोणाचं नाव कसं सांगायचं तेही लिहून द्या.

कापसाची पहिली वेचणी झाली का? आई, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
वैशू