दादा, त्या पेन्सिलीच्या खुणांसाठी थँक्यू

दादा, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

मला बँडमधून काढलं तेव्हा तोंडावर कोणी सांगितलंसुद्धा नाही, नव्या ड्रमरचा फोटो पोस्ट झाला तेव्हा कळलं. ज्यांच्यासोबत एका व्हॅनमध्ये झोपले, शो संपल्यावर मध्यरात्री सगळं सामान भरलं, त्यातल्या एकालाही दोन ओळी टाइप कराव्याशा वाटल्या नाहीत. वर बाकीचे सांगायला मोकळे, की बँड गेला म्हणजे रॉक ड्रमर संपला, आता दुसरं काहीतरी बघ. त्याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

तेव्हा तुम्ही मला ड्रमर सायमन फिलिप्सबद्दल सांगत बसलात. १९७७ मध्ये जुडास प्रीस्ट या मेटल बँडच्या अल्बमवर वाजवलं, १९८९ मध्ये द हू या रॉक बँडची टूर केली, १९९२ मध्ये टोटो बँडचा ड्रमर जेफ पोर्कारो वारल्यावर त्याच्या जागी आला. आणि दुसरा ड्रमर बिल ब्रुफर्ड, येस हा बँड ऐन भरात असताना १९७२ मध्ये तो सोडून किंग क्रिमसन बँडमध्ये गेला, १९७६ मध्ये जेनेसिससोबत फिरला, पुढे स्वतःचा जॅझ ग्रुप काढला. तुम्ही स्वतः तरी काय वेगळं केलंत, मेटल बँड, जाहिरातींची रेकॉर्डिंग्ज, क्रूझवरचे शो, मध्ये तर दुसऱ्या ड्रमरचा किट लावून द्यायचं कामही केलंत आणि ते सांगताना तुम्हाला जराही कमीपणा वाटत नव्हता. मग म्हणालात, म्युझिकलमध्ये, म्हणजे गाण्यांच्या नाटकात, माझ्या जागी ड्रम वाजवायला बसशील का?

आम्ही रॉकवाले बहुतेक कानाने शिकलेले. तिथे समोर जाडजूड बुक, म्हणजे ड्रमचं नोटेशन असलेली वही, कंडक्टर छोट्याशा स्क्रीनवर, आणि मधेच वॅम्प, म्हणजे नटाचा डायलॉग संपेपर्यंत तेच बार, म्हणजे तालाचे तेच छोटे तुकडे, फिरवत राहायचे आणि कंडक्टरचा हात दिसला की पुढे जायचं. भीतीने पोटात गोळा आला होता माझ्या.

आणि तुम्ही मला तुमचं बुक दिलंत. घरी येऊन उघडलं तर लक्षात आलं की तुमच्या जुन्या गिचमिड खुणा खोडरबरने पुसून सगळं माझ्यासाठी नव्याने लिहिलंय. जिथे स्क्रीनकडे बघायचं तिथे चष्म्याचं चित्र, वॅम्पच्या आधी तर चांगला मोठा चष्मा. "ब्रश आत्ताच मांडीवर घेऊन ठेव", म्हणजे स्टिकऐवजी वाजवायचे तारांचे ब्रश. "इथे सगळे पळतात, तू पळू नकोस", म्हणजे लय वाढवू नकोस. हातात स्टिक असताना पान उलटता यावं म्हणून कोपरे दुमडलेले. मी ते बुक घेऊन जमिनीवर बसून रडले. किती रात्री लागल्या असतील तुम्हाला, आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत.

आपल्या जागी आलेल्या माणसाचं काम चांगलं व्हावं म्हणून एवढं कोण करतं? उलट नव्याला जरा अडखळू द्यावं म्हणजे आपली किंमत टिकते, असंच वागताना बघितलंय मी लोकांना. स्टेजवर भारी वाजवणारे खूप भेटले, पण त्यातले सरळ मनाचे फार थोडे, आणि असे लोक पोस्टरवर कधी दिसत नाहीत म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आता दुसऱ्या एका शोसाठीही मला बोलावलंय, तुम्हीच नाव सुचवलंत हे मला कळलंय बरं का. तुमचं बुक पुढच्या आठवड्यात आणून देते, माझी कॉपी करून झाली की. चष्मे मात्र सगळे तसेच्या तसे काढून घेतलेत.