ओपांचा रंधा

हॅमिल्टन, ऑन्टॅरिओ

ती. बाबा आणि आई यांस,
सा. नमस्कार.

आई, शेजारचे ओपा गेले म्हणून तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू वय विचारलंस, आणि त्र्याण्णव म्हटल्यावर "सोनं झालं गं" म्हणून मोकळी झालीस. बाबा बाजारात गेले होते, त्यांना सांगायचं राहिलं. आणि खरं सांगायचं होतं ते बाबांनाच. फोनवर मावणार नाही म्हणून कागद घेतला.

ओपा म्हणजे डच भाषेत आजोबा. सगळी गल्ली त्यांना ओपाच म्हणायची. बाबा, ते सुतार होते. हे मी आठ वर्षांत तुम्हाला एकदाही कसं सांगितलं नाही, याचं मलाच नवल वाटतं.

त्यांचं गाव हॉलंडच्या झीलंड प्रांतात, समुद्राच्या पातळीखाली, बांधाच्या आडोशाला. 31 जानेवारी 1953 च्या रात्री वादळ आणि मोठी भरती एकाच वेळी आली, बांध फुटले आणि त्या देशातली 1,836 माणसं बुडाली. ओपा तेव्हा बाविशीतले. घरच्यांना माळ्यावर चढवलं म्हणून सगळे वाचले. खाली बापाचा कारखाना मात्र गेला. पाणी ओसरल्यावर चिखलातून हत्यारं उपसून काढली आणि एकेक खरवडून पुसली, हे ते सांगायचे. बुडालेल्या माणसांबद्दल कधी बोलले नाहीत. त्याआधी 1944-45 चा उपासमारीचा हिवाळा झाला होता, तेव्हा शहरातल्या लोकांनी ट्यूलिपचे कांदे उकडून खाल्ले होते. इथे मे महिन्यात ट्यूलिप फुलले की शेजारणी फोटो काढायच्या आणि ओपा म्हणायचे, "हे चवीला वाईट लागतात."

युद्धानंतर तिथे घरांची टंचाई, जमीन थोडी, माणसं फार. सरकारच लोकांना परदेशी जायला उत्तेजन देत होतं. 1947 पासून पुढच्या वीसेक वर्षांत दीड लाखाहून जास्त डच लोक एकट्या कॅनडात आले. गंमत अशी की कॅनडाला सुरुवातीला हवे होते शेतावर राबणारे. मग सुतारही शेतमजूर होऊन आले, ओपाही तसेच. एका शेतकऱ्याने हमी घ्यायची आणि याने वर्षभर त्याच्याकडे राबायचं, असा मामला. आयुष्यात कधी गाईची धार काढली नव्हती, पहिल्या आठवड्यात बोटं सुजून आली म्हणत.

देशाबाहेर रोकड नेण्यावर निर्बंध होते, वस्तू मात्र नेता यायच्या. म्हणून प्रत्येक कुटुंब एक लाकडी खोकं भरायचं. खोकं म्हणजे आपल्या पडवीत मावणार नाही एवढं. ओपांनी स्वतःचं तर केलंच, गावातल्या आणखी चार घरांचीही केली. आत शिवणयंत्र, दोन सायकली, गाद्या, चिनीमातीची भांडी, आणि हत्यारांची पेटी. 1954 साली ते आणि ओमा, म्हणजे त्यांची बायको, रॉटरडॅमहून निघाले. जहाजाचं नाव ग्रोटे बेअर, म्हणजे मोठं अस्वल. तेच नाव आकाशातल्या त्या तारकांचं, म्हणजे आपले सप्तर्षी. हॅलिफॅक्सच्या एकविसाव्या धक्क्यावर उतरून पुढे आगगाडीने ऑन्टॅरिओ. त्या खोक्याला खिडकी पाडून वर्षभर त्यात ओमांनी स्वयंपाक केला. पुढे त्यात कोंबड्या आल्या. हॅमिल्टनला घर झाल्यावर त्याच्याच फळ्यांचं हत्यारांचं कपाट झालं. दार उघडलं की आतल्या बाजूला काळ्या रंगातली अर्धी-मुर्धी अक्षरं अजून दिसतात: '…फॅक्स'.

इथली घरं लाकडी सांगाड्याची, खिळ्यांवर उभी राहणारी. विटांच्या घरांना खिडक्या-जिने करणाऱ्या माणसाला ते काम उरकाउरकीचं वाटायचं. पण सहा मुलं होती. पन्नास-साठच्या दशकात इथे वस्त्याच्या वस्त्या उठत होत्या, काम हवं तेवढं होतं. दिवसभर ती घरं, आणि शनिवारी फुकट काम शाळेवर. इथे सरकार कॅथलिक शाळांना पैसा देतं, पण यांच्या प्रोटेस्टंट पंथाच्या शाळांना देत नाही. मग आईबापांनीच वर्गणी काढून, स्वतः खपून शाळा बांधल्या. खिडक्यांच्या चौकटी ओपांच्या हातच्या. वर सहा पोरांची फी वेगळी. ओमांनी म्हणे अकरा वर्षं नवा कोट घेतला नाही.

धर्माचं फार कडक. कॅल्व्हिन नावाच्या जुन्या धर्मसुधारकाच्या परंपरेतली मंडळी ही. चर्चच्या भिंती कोऱ्या, ना मूर्ती ना तसबीर. रोज प्रत्येक जेवणानंतर बायबल वाचायचं, क्रमाने, काही न गाळता. एकदा मी त्यांच्याकडे सूप प्यायला होते तेव्हा वाचनात नुसती वंशावळ आली, अमक्याचा मुलगा तमका, पानभर. ओपांनी एकही नाव सोडलं नाही. रविवारी हत्याराला हात नाही. ह्यांनी एकदा रविवारी गवत कापायचं यंत्र काढलं, तर ओपा बोलले काही नाहीत, फक्त उठून पडदा ओढून घेतला. त्यानंतर आमचं गवत शनिवारीच कापलं जातं.

सगळंच गोड होतं असं नाही. मधल्या मुलीने कॅथलिक मुलाशी लग्न केलं तेव्हा ते दोन वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. ती अंत्यविधीला आली होती, सगळ्यात मागच्या बाकावर बसली. मी तिच्या शेजारी. प्रवचन सुरू झालं तसा चर्चभर कागदांचा चुरचुर आवाज आला, प्रत्येकजण पेपरमिंटची गोळी सोडत होता. ती त्यांची जुनी रीत. तिने एक माझ्या हातात ठेवली. मग सगळ्यांनी मिळून त्यांच्या पंथाच्या 1563 सालच्या धर्म-प्रश्नोत्तरीतला पहिला प्रश्न म्हटला: जगताना आणि मरताना तुझा एकमेव आधार कोणता? उत्तर असं की मी माझा नाही, देहाने आणि जिवाने येशू ख्रिस्ताचा आहे. तिला पाठ होतं. शेवटी कॉफी आणि हॅम घातलेले पाव. मी नुसती कॉफी घेतली.

ओपांनी मला पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "तुझे वडील काय करतात?" मी म्हटलं, फर्निचरचा व्यवसाय. शाळेच्या फॉर्मवर लिहायची तेच. सुतार म्हणायला तेव्हाही जीभ रेटली नव्हती, बाबा. ते म्हणाले, "विकतात की करतात?" करतात म्हटल्यावर मला थेट मागच्या खोलीत नेऊन कपाट दाखवलं. त्यानंतर माझ्याशी त्यांची सगळी चौकशी तुमचीच. लाकूड कुठलं वापरतात? मी फणसाचं सांगितलं, भुसा पिवळाधमक पडतो म्हटलं, तर त्यांना खरंच वाटेना. खंडेनवमीला तुम्ही करवत-पटाशीची पूजा मांडता, झेंडू वाहता, हे सांगितलं तेव्हा मान हलवली. "हत्यारापुढे मी वाकणार नाही," म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, "पण गंजूही दिलं नाही."

त्यांच्या मुलांनी काल मला एक रंधा आणून दिला, ओपांनी चिठ्ठी लावून ठेवला होता म्हणे. तुमच्यासारखाच लाकडी, पाचरीचा. लाकूड बीच नावाच्या झाडाचं, वजनाला चांगलंच आहे. तुम्ही तेलाचा बोळा फिरवता तसं ते तळाला मेणबत्ती घासायचे. पात्यावर मात्र शेवटची दोन वर्षं हात फिरला नाही, तांबूस झालंय. धारेच्या दगडावर पाणी घ्यायचं की तेल? आणि पाचर सैल करायची तर ठोका पुढून मारायचा की मागून? फोटो पाठवते, पण नुसता अंगठा दाखवून गप्प बसू नका, नीट सांगा.

अजून एक. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत अडकवतात ना, दात खाली रुंद असतात तो सांधा, इंग्रजीत त्याला पारव्याची शेपटी म्हणतात. डच लोक पाकोळीची शेपटी म्हणतात. ओपांनी विचारलं होतं, तुझे वडील काय म्हणतात? मला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हटलं होतं, ते राहूनच गेलं. काय म्हणता तुम्ही त्याला?

तुमची,
सुमी