आधी एका कागदावर काढून दाखवा: पाणी तुंबण्याबद्दल महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, यांस

सप्रेम नमस्कार.

मी परळला राहते, मुलांना विज्ञान शिकवते. पावसाळ्यात पाणी तुंबणारा हिंदमाताचा सखल चौक आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर. पाणी तुंबलं की आम्हाला ते पायांनाच कळतं. पण हे पत्र तक्रारीचं नाही, मागणीचं आहे. जिथे जिथे पाणी तुंबतं तिथल्या पाण्याची, एका पानावर मावेल अशी साधी आकृती काढा आणि ती त्याच वस्तीत भिंतीवर लावा.

ही मागणी सुचली ती मे महिन्याच्या सुट्टीत. आठवी-नववीच्या मुलांबरोबर चाळीच्या चौकात एक मॉडेल मांडलं होतं. कोळणीकडून थर्माकोलचा खोका आणला, त्यात शाडूची उंचसखल जमीन केली आणि मधोमध एक खळगा ठेवला. तो हिंदमाता. खळग्याच्या तळातून सलाइनची नळी काढून शेजारच्या उंच बादलीत सोडली. बादली म्हणजे समुद्र, झाडांना पाणी घालायची झारी म्हणजे पाऊस. बादलीतलं पाणी नळीच्या तोंडाखाली होतं तोवर खळगा भरेचना. मग एकाने तांब्या तांब्या ओतून बादली खळग्याच्या वर भरली, भरती आणली. नळीचं तोंड बुडालं आणि समुद्र उलटा आत यायला लागला. मुलांनी घाईघाईने सलाइनचं चाक फिरवून नळी बंद केली. हे चाक म्हणजे गटार समुद्राला मिळतं तिथलं, भरतीत बंद करायचं दार. समुद्र थांबला, पण झारी चालूच होती. बघता बघता खळगा काठोकाठ भरला. शाडू विरघळून नळीत बसला होता, त्यामुळे भरती उतरल्यावरही पाणी थेंबथेंबच जात राहिलं. नालेसफाई हा धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही.

तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, खरं दार कोण बंद करतं? आणि कधी करायचं ते कसं ठरवतं?" मला सांगता आलं नाही. चाळीत कुणालाच सांगता आलं नाही. तीस-चाळीस वर्षं पाण्यात उभी राहिलेली माणसं आम्ही, आणि इतका साधा प्रश्न आमच्या मनात कधी आलाच नव्हता. तो आला एका खोक्यामुळे.

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तासाला 50 मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला तर 5 लाख लिटर पाणी होतं, म्हणजे 10 हजार लिटरचे 50 टँकर. उधाणाच्या भरतीत दार तीन तास बंद राहिलं आणि पाऊस तसाच पडत राहिला, तर एकेका हेक्टरला 150 टँकर पाणी कुठेतरी ठेवावं किंवा पंपाने फेकावं लागेल. ब्रिटिशांच्या काळातल्या आपल्या वाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या, त्यातही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पाच्या कामांत तासाला 50 मिलिमीटर धरले, आणि मुरणारं पाणी शून्य. पेव्हर ब्लॉकखाली काय मुरणार! हे सगळं तीन चौकटी आणि चार बाणांत मावलं. मुलांना वीस मिनिटांत समजलं.

दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली बांधलेल्या टाक्यांचं मोल मलाही त्या आकृतीतच कळलं. टाकी पाणी नाहीसं करत नाही, ती भरती उतरेपर्यंतचा वेळ काढून देते. म्हणून टाकी केवढी आहे यापेक्षा ती किती मिनिटांत भरते, हे रहिवाशांना सांगायला हवं. दुकानदार त्यावरून माल कधी वर चढवायचा ते ठरवील.

शहराकडे मोठी मॉडेलं नाहीत असं नाही. जून 2020 पासून आयफ्लोज-मुंबई ही पूरइशारा प्रणाली आहे. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था तर 1916 पासूनची, बंदरांच्या नि धरणांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडून बघणारी. ही कामं फार मोलाची आहेत आणि ती तज्ज्ञांनीच करावीत. पण गल्लीतल्या माणसाला, मॅनहोलपाशी उभ्या असलेल्या कामगाराला ती वाचता येत नाहीत. आणि कुठलं झाकण आधी उसळतं, पाणी कुठल्या बोळातून शिरतं, हे त्यांनाच ठाऊक असतं.

म्हणून ही आकृती कार्यालयात बसून काढू नका. आपले अभियंते, पंप चालवणारे आणि तिथले चार रहिवासी यांना एका टेबलाभोवती बसवा. पाऊस, रस्ता, गटार, टाकी, पंप, दार, समुद्र, एवढ्याच चौकटी. प्रत्येक बाणावर तासाला किती पाणी, तो आकडा. आकडा ठाऊक नसेल तिथे ठसठशीत प्रश्नचिन्ह, आणि ते पुसायचं नाही, कारण पुढचं मोजमाप कुठे करायचं ते तिथेच दिसेल. रस्ता उंच करायचा झाला, नवा पंप बसवायचा झाला, तर आधी त्या कागदावर बाण बदलून बघा. आमच्या खोक्यात मुलांनी रस्ता म्हणून पुठ्ठ्याची पट्टी लावली, तर खळग्यातलं पाणी कमी झालं आणि शेजारी मातीची घरं होती तिथे चढलं. खर्च पुठ्ठ्याचाच झाला होता.

पहिली आकृती हिंदमाताची व्हावी, मे अखेरीच्या आत. दाराच्या चौकटीशेजारी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर लिहा: कोण बंद करतं, कधी, आणि किती वेळ. आमचा खोका जिन्याखाली जपून ठेवला आहे. आपले अभियंते आले तर मुलं झारी भरून तयार असतील.

आपली नम्र,
परळची एक विज्ञानशिक्षिका