मराठी विभागातला संगणक टायपिंगपुरताच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की ‘संगणकाशिवाय आता कोणत्याच शाखेला तरणोपाय नाही’ असे वाक्य बहुतेक महाविद्यालयांच्या माहितीपत्रकात झळकते. वाक्य खरे आहे, पण कला शाखेत प्रत्यक्षात त्याचे काय होते? वर्डमध्ये अर्ज, एक्सेलमध्ये बेरीज, पॉवरपॉइंटच्या दहा स्लाइड, झाला संगणकाचा पेपर. भूगोलवाल्यांना निदान जीआयएसचे, म्हणजे संगणकावर माहिती जोडलेले नकाशे तरी हाताळायला मिळतात. मराठीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते फक्त टायपिंग. आमच्या विषयातले प्रश्न संगणकापुढे ठेवता येतात, हे त्याला एम. ए. होईपर्यंत कोणी सांगत नाही.

असा प्रश्न कसा असतो, याचे जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथल्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये एकाच टोपणनावाने ८५ निबंध निघाले. त्यांतले १२ निबंध हॅमिल्टन या लेखकाचे की त्याचा सहलेखक मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षांहून जास्त चालला. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याचे उत्तर दिले. त्यांनी विचार किंवा अलंकार तपासले नाहीत, तर लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत असे किरकोळ शब्द मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत तीनेक वेळा वापरतो आणि मॅडिसन जवळपास वापरतच नाही. अशा अनेक शब्दांचा हिशेब मांडल्यावर बाराही निबंधांचे माप मॅडिसनच्या पदरात पडले.

आता आपल्याकडे बघा. ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एकच की दोन, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ‘सुधारक’ या पत्रात उपस्थित झाला. संत नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा यांची रचना मिसळली आहे, हेही अभ्यासकांना ठाऊक आहे. दोघांची नाममुद्रा ‘नामा’, त्यामुळे वेगळे करायचे कसे? ‘परी’, ‘तरी’, ‘कां’, ‘जैसें’ यांसारख्या शब्दांची मोजदाद ही सुरुवात होऊ शकते. मोजले की निकाल लागला, असे मी म्हणत नाही. अभंग शतकानुशतके तोंडी फिरले, लेखनिकांनी आपापल्या काळाची भाषा त्यांत घातली. म्हणून कोणत्या पोथीचा पाठ धरायचा आणि कोणता शब्द मोजायचा, हे ठरवायला जुनी मराठी मुरलेला माणूसच लागतो. ‘आकडेमोड करून कविता कळते काय?’ असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांना माझे उत्तर एवढेच, की कविता कळलेल्या माणसानेच आकडेमोडीला बसावे. नाहीतर ते काम असा एखादा अभियंता करील, ज्याला ‘तुका म्हणे’ प्रत्येक अभंगात आल्याचे मोठे नवल वाटेल.

आणि दुसरे कोणी काम करून जाणे ही नुसती कल्पना नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खर्ची घालून, बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. जगभरचे अभ्यासक तिची जी संगणकीय संहिता वापरतात, ती मुळात जपानमध्ये क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी तयार केली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तपासून सुधारली. या दोघांचे उपकार मानायलाच हवेत. पण ती पुण्यात का झाली नाही, हा प्रश्न मला तरी टोचतो. अक्कल कमी होती म्हणून नव्हे. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत कोशासाठी हाताने लिहिलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमा झाल्या. एवढा पेशन्स आणि एवढी शिस्त आपल्याकडे होती.

मराठीपुढची खरी अडचण फार साधी आहे. संगणकाला वाचता येईल असा मजकूरच आपल्याकडे तुटपुंजा आहे. विद्यापीठात सादर झालेला मराठीतला एखादा प्रबंध उघडा आणि त्यात ‘नामदेव’ शोधा. पानोपानी नामदेव डोळ्यांना दिसत असतात, संगणक मात्र ‘काही सापडले नाही’ म्हणतो. कारण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत नाही, डीटीपीच्या म्हणजे छपाईसाठी पाने जुळवण्याच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, काना एका जागी, अर्धा श दुसऱ्या. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. पडद्यावर ज्ञानेश्वर दिसतात, पण पोटात सगळी खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी हे आजही चालू आहे. काही प्रबंध तर छापील प्रतीचे स्कॅन केलेले नुसते फोटो असतात.

युनिकोड आले म्हणजे सगळे सुटले असेही नाही. ‘दऱ्या’मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, ‘ॲ’ हे अक्षर कोणी एकसंध टाइप करतो, कोणी ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणक मात्र ते दोन निराळे शब्द म्हणून मोजतो. या बारकाव्यांची घडी बसवणे हे काम भाषेच्या लोकांचे. संगणक विभागाला त्यातले काय कळणार?

मोडीची गोष्ट आणखी मोठी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि मोडी सफाईने वाचणारे फार थोडे. हस्ताक्षर वाचायला संगणकाला शिकवता येते, पण त्यासाठी मूळ कागद आणि त्याचे अचूक वाचन अशा जोड्या हजारोंनी लागतात. रियासतकार सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात या दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापून ठेवले आहेत. म्हणजे वाचने तयार आहेत, मूळ कागद त्याच शहरात आहेत. दोन्ही जुळवायचे काम इतिहास आणि संगणक विभागांच्या एम. ए., एम. एस्सी.च्या मुलांना जोडीने प्रकल्प म्हणून का देऊ नये? इतिहासाचा विद्यार्थी त्यात मोडी शिकेल. संगणकाच्या विद्यार्थ्याला कळेल, की मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि त्याच्या प्रोग्रामला पहिली ठेच तिथेच लागते.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार २००९ पासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावीच लागते, ती ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाते. विद्यापीठांनी तिच्यासोबत युनिकोडमधली साधी टेक्स्ट फाइलही सक्तीची करावी. साहित्य संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत आहेतच, त्यांचा मजकूरही शोधता आणि मोजता येईल असा द्यावा. मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये आला आहे, म्हणजे सरकारी यंत्रणेला हे जमत नाही असे मुळीच नाही. आणि बी. ए.च्या संगणकाच्या पेपरातल्या दहा स्लाइड काढून तिथे एखाद्या गाथेची शब्दसूची करण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. अभ्यास मंडळांच्या बैठका अभ्यासक्रम बदलायच्या वेळी होतातच; पुढच्या बैठकीत एवढा एक विषय पत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मराठी प्राध्यापक, सातारा