एकट्या निघालेल्या विद्यार्थिनींसाठी बडोद्यात एक खोली असावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी दांडिया बाजारात राहणारा आपला जुना वाचक असून रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर 31 वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. माझी नात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समध्ये कला-इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि येत्या दिवाळीच्या सुटीत ती अजिंठा व वेरूळ पाहण्यासाठी एकटी जाणार आहे. या प्रवासाच्या तयारीत गेल्या काही आठवड्यांत जे अनुभव आले, त्यांवरून शहरातील मराठी संस्थांपुढे एक विनंती ठेवावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी खिडकीवरची एक गोष्ट सांगतो. सुटीच्या दिवसांत वडील आणि कॉलेजात जाणारी मुलगी अशा जोड्या रांगेत नेहमी दिसत. फॉर्म वडिलांनी भरलेला असे. एखादा रकाना कोरा राहिलेला दिसला आणि मी मुलीकडे पाहून "वय?" असे विचारले, तरी उत्तर वडिलांकडूनच येई. बर्थ खालचा हवा की वरचा, हेही तेच सांगत आणि मुलगी काउंटरच्या कडेवर बोट फिरवत उभी राही. मला त्यात काही वावगे वाटत नसे, कारण माझ्या स्वतःच्या मुलीचे फॉर्म मीही असेच भरले होते. नातीच्या बाबतीत वेगळे काही घडले नाही. खंडेराव मार्केटमध्ये पेरूचा भाव विचारायचा तर ती आजीच्या कोपराला हळूच स्पर्श करी, म्हणजे आजीने विचारावे. बारावीपर्यंत रिक्षा थांबवायला तिचा धाकटा भाऊ पुढे होई. ती हुशार होती, वाचत होती, चित्रांविषयी तासन्‌तास बोलत होती, पण अनोळखी माणसापुढे तिचा आवाज बसत असे.

पहिल्या वर्षी मैत्रिणींबरोबर ती कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, गेली. तेथील भिंतींवर नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात रंगवलेली गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि अभिमन्यूचे युद्ध ही चित्रे बडोदेकरांना परिचित आहेत, निदान असायला हवीत. हेच नंदलाल बोस ऐन तारुण्यात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीच्या चमूबरोबर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी तेथे गेले होते, हे तिला अभ्यासात पुढे कळले आणि तेव्हापासून अजिंठा तिच्या मनातून गेला नाही. सहलीबरोबर गेले की एका लेण्यात दहा मिनिटे मिळतात आणि घरच्यांबरोबर गेले की कोणाचे तरी पाय दुखतात, म्हणून एकटीनेच जायचे, हे तिने ठरवले. त्याआधी जवळच्या ठिकाणी जाऊन सराव करायचा, हेही तिचेच. आम्ही फक्त ऐकले.

पहिला सराव डभोईचा झाला. अंतर तीसेक किलोमीटर, सकाळी बसने जायचे, हिरा भागोळ या जुन्या वेशीचे कोरीवकाम पाहायचे, दुपारी परत यायचे. त्या दिवशी मी तिला पाच वेळा फोन केला. रात्री जेवताना ती म्हणाली, "आजोबा, तुमचा फोन वाजला की मला वाटतं आपलं काहीतरी चुकलंय, आणि मग मी खरंच घाबरते." मला हे लागले. काळजीपोटी मी करत होतो त्या फोनमुळेच तिचा धीर सुटत होता, हे मला तोवर कळले नव्हते. पुढच्या वेळेपासून मुक्कामी पोहोचल्यावर एक आणि परतीला निघाल्यावर एक, असे दोनच फोन करायचे आणि तेही तिने करायचे, असे आमचे ठरले.

दुसरा सराव चांपानेरचा. 2004 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले हे स्थळ आपल्या इतके जवळ असूनही आपण बहुतेकजण पावागडाच्या देवीचे दर्शन घेऊन तसेच परततो, आणि जामी मशिदीच्या दगडी जाळ्या, ज्यांसाठी ती गेली होती, तशाच राहून जातात. संध्याकाळी परतीची जी बस तिने धरायची ठरवली होती ती आलीच नाही. अंधार पडायला तासभर उरला होता. नाक्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईंजवळ जाऊन तिने चौकशी केली, त्या बाईंच्या ओळखीच्या रिक्षातून इतर दोन बायकांबरोबर ती हालोलला आली आणि तेथून बडोद्याची बस धरून साडेआठच्या सुमारास घरी पोहोचली. आम्हांला तिने फोन केला तो हालोलहून बस सुटल्यावर, म्हणजे अडचण निस्तरल्यावर. घरी आल्यावर हातपाय धुऊन तिने आपली दोनशे पानी वही काढली आणि तारीख, गाडी, वेळ, खर्च या रकान्यांच्या शेजारी पट्टीने आणखी एक रेघ मारून वर लिहिले, "हे झाले नाही तर". मी समोरच्या खुर्चीत बसून पाहत होतो. पेरूचा भाव न विचारणारी मुलगी ती हीच का, असे मला त्या क्षणी वाटले. आज त्या वहीत प्रत्येक गाडीपुढे दुसरी गाडी, प्रत्येक बसपुढे दुसरी बस आणि प्रत्येक गावापुढे तेथील पोलीस ठाण्याचा नंबर लिहिलेला आहे. एकतीस वर्षे मी लोकांना तिकिटे दिली, पण इतका पक्का बेत करून निघणारे प्रवासी फार थोडे पाहिले.

तिसरा प्रवास पाटणचा आणि त्यात पहिल्यांदाच एक रात्रीचा मुक्काम होता. राणी उदयमतीने अकराव्या शतकात बांधलेली राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर, जी पुढे सरस्वती नदीच्या गाळाखाली शतकानुशतके दबून राहिली आणि आज शंभर रुपयांच्या जांभळट नोटेवर आपल्या सर्वांच्या खिशात असते, ती तिने दोन दिवस सकाळी आणि संध्याकाळी, उजेड बदलताना पाहिली. रेखाटनांनी एक वही भरून आणली. परंतु या प्रवासातले जे तिच्या मनात राहिले ते वेगळेच आहे. अतिथीगृहाच्या काउंटरवर तिने आधार कार्ड पुढे केले तेव्हा ते न पाहताच समोरच्या गृहस्थांनी विचारले, "साथे कोण छे?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी घरचा नंबर मागितला, मला फोन लावला आणि मी "हो, माझीच नात आहे, खोली द्या" असे सांगितल्यावरच किल्ली तिच्या हातात ठेवली. ते गृहस्थ सज्जनपणे वागले, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण नात परत आल्यावर म्हणाली, "मी वीस वर्षांची आहे, आजोबा. माझं ओळखपत्र चाललं नाही आणि तुमचा आवाज चालला." यावर देण्याजोगे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

अजिंठ्याच्या बेतात हाच प्रश्न अधिक कठीण होऊन समोर आला आहे. प्रवासाची बाजू तिने चोख बसवली आहे. रात्री बडोद्याहून नवजीवन एक्स्प्रेसने निघून सकाळी जळगाव, तेथून एस.टी.ने साठेक किलोमीटरवर फर्दापूरचा फाटा आणि फाट्यावरून लेण्यांपर्यंत तेथील शटल बस. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, म्हणून बुधवारी व गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी छत्रपती संभाजीनगर, शनिवारी वेरूळ, रविवारी दौलताबाद आणि त्याच मार्गाने परत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर निदान एक तास बसायचे, असे वहीत वेगळे लिहिलेले आहे. जळगावात मात्र मुक्कामाची जागा मिळेना. एका लॉजने फोनवर सांगितले, "एकट्या लेडीजला रूम देत नाही, आमचा रूल आहे." दुसऱ्याने वडिलांना फोन द्यायला सांगितले. तिसऱ्याने मोबाइलवरून केलेले आरक्षण आधी स्वीकारले आणि ती एकटी येणार हे कळताच रद्द केले. मग मी एक प्रयोग केला. पहिल्याच लॉजला तिच्या धाकट्या भावाला फोन करायला लावला. तो नुकताच अठरा वर्षांचा झाला आहे आणि आजवर मेहसाण्याच्या पुढे एकटा गेलेला नाही. त्याला दोन मिनिटांत खोली मिळाली, सोबत कोण आहे हे कोणी विचारलेदेखील नाही.

सज्ञान व्यक्तीने ओळखपत्र दाखवून एकटीने खोली घेऊ नये, असा कोणताही कायदा आपल्याकडे नाही. लॉजवाल्यांना नंतरची झंझट नको असते, हे मी समजू शकतो. पण त्यांनी टाळलेली झंझट त्या मुलीच्या वाट्याला येते आणि रात्री नऊ वाजता अनोळखी गावात सामान घेऊन दारोदार फिरण्याची वेळ तिच्यावर येते. सुरक्षिततेच्या नावाखाली तिला नेमके असुरक्षित केले जाते, याचा विचार व्हायला हवा.

रस्त्यावर धोका नसतोच, असे मी म्हणत नाही. तिच्या आजीला अजूनही नीट झोप लागत नाही आणि तिने नातीच्या कुर्त्यांना आतून खिसे शिवून दिले आहेत. परंतु धोक्यावर काही व्यवस्था तरी आहेत आणि त्या माहीत असाव्यात. लांब पल्ल्याच्या गाड्यांत शयनयान वर्गात एकट्या महिलांसाठी महिला कोट्याच्या जागा राखलेल्या असतात. रेल्वे सुरक्षा दलाच्या 2020 पासून सुरू असलेल्या 'मेरी सहेली' उपक्रमात महिला कर्मचारी एकट्या महिला प्रवाशांना गाडीत भेटून त्यांचा डबा व आसन क्रमांक नोंदवून घेतात आणि वाटेतल्या स्थानकांना कळवतात. रेल्वेत 139, आपल्या गुजरातेत अभयम या महिला मदतसेवेचा 181 आणि कोठेही 112 हे मदतीचे क्रमांक आहेत. रेल्वेच्या डब्यात तिची दखल घेणारे कोणीतरी आहे. फलाटावरून बाहेर पडून लॉजच्या पायरीवर गेले की कोणी नाही.

आपल्या बडोद्याला हा प्रश्न परका वाटू नये. बडोदे संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून 1917 साली नोकरीसाठी येथे आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढल्यावर त्यांनी कमाटीबागेतील झाडाचा आसरा घेतला. त्या अन्यायाचे मूळ जातीत होते आणि त्याची बरोबरी माझ्या नातीच्या गैरसोयीशी करण्याचा विचारही माझ्या मनाला शिवत नाही. पण विद्येच्या वाटेवर निघालेल्या तरुण माणसाला नाकारलेली खोली किती खोल घाव करते, हे ज्या शहराने इतक्या जवळून पाहिले आणि जे आज ती जागा संकल्पभूमी म्हणून जपते, त्या शहराकडून काही मागणे मला अवघड वाटत नाही.

माझी विनंती अशी आहे. बडोद्यात मराठी मंडळींची मंडळे आहेत, देवस्थाने आहेत, विश्वस्त निधी आहेत आणि त्यांपैकी काहींकडे लग्नकार्यांसाठी राखलेल्या, वर्षातले पुष्कळ दिवस कुलूप लागलेल्या खोल्या आहेत. अशा प्रत्येक संस्थेने एकच खोली एकट्या प्रवास करणाऱ्या विद्यार्थिनींसाठी बाजूला ठेवावी. नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा गावांहून मुली येथे चित्रकलेच्या प्रवेशपरीक्षेसाठी किंवा संग्रहालय पाहण्यासाठी येतात, त्यांना तेथे दोन-तीन रात्री वाजवी भाड्यात राहता यावे. कॉलेजचे व सरकारी अशी दोन ओळखपत्रे पाहावीत, वहीत नोंद करावी, घरचा नंबर अडीअडचणीपुरता लिहून घ्यावा, पण परवानगीसाठी त्यावर फोन करू नये. एखाद्या ताईंचा किंवा मावशींचा नंबर दारावर लावावा. यातले बरेचसे नियम माझ्या नातीनेच सुचवले आहेत. ज्या वाचकांचे नातेवाईक जळगाव, संभाजीनगर, पाटण, भूज अशा ठिकाणी कोणत्या ना कोणत्या संस्थेत आहेत, त्यांनी तेथेही हा विषय काढावा.

सुरुवात म्हणून आमच्या घरातील माडीवरची खोली, जिचा जिना वेगळा आहे, मी आणि पत्नीने यासाठी मोकळी केली आहे. या कामात रस घेणाऱ्या संस्थांना माझा पत्ता आपल्या कार्यालयातून द्यावा, अशी विनंती आहे.

नातीचे रेल्वेचे तिकीट निघाले आहे, खालचा बर्थ मिळाला आहे. फर्दापूर आणि संभाजीनगरच्या जागा ठरल्या आहेत. जळगावची अजून ठरलेली नाही, आणि कॉलेजमधून आल्यावर ती रोज एक-दोन ठिकाणी स्वतः फोन करते आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे