पैसे कमी करा, पण भाग कमी करू नका

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

टीव्हीबद्दल पेपरात पत्रं येतात ती बहुतेक सासू-सुनांच्या मालिकांना वैतागून लिहिलेली असतात. माझं तसं नाहीये, आणि माझी मालिका तर आपल्याकडची पण नाही. 'डॉक्टर हू' म्हणून बीबीसीची सीरियल आहे, 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झालेली, त्यात निळ्या पोलिसी खोक्यात (तिकडे रस्त्यावर पोलिसांना फोन करायला असायचं ते) बसून काळात मागेपुढे हिंडणारा एक परग्रहावरचा डॉक्टर आहे आणि तो मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा नट येतो, त्यामुळे नट थकले तरी सीरियल चालूच. आमच्या घरात ती बघणारे दोनच जण, मी आणि माझा भाचा, बाकीचे आम्हाला वेड्यात काढतात ते असो.

झालं असं की 2022 च्या ऑक्टोबरात बीबीसीने डिस्नेबरोबर करार केला, डिस्नेचे पैसे आले, चकाचक सेट आले, आणि आम्हाला इथे बसल्या जागी हॉटस्टारवर नवे भाग दिसायला लागले. मग 31 मे 2025 ला शेवटचा भाग लागला, त्यात न्शुटी गाटवाचा डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी चक्क बिली पायपर उभी, म्हणजे 2005 मध्ये जी डॉक्टरची सोबतीण होती तीच, आणि नंतरच्या पाट्यांमध्ये तिचं नाव आलं पण ती डॉक्टर आहे असं काही लिहिलेलं नाही! त्यानंतर पाच महिने कोणी काही बोलेना. ऑक्टोबरच्या शेवटी एकदाचं कळलं की डिस्ने बाहेर पडलंय, पण बीबीसी मालिका सोडणार नाही, 2026 च्या ख्रिसमसला एक स्पेशल भाग येईल आणि तो मालिकेचा जुना लेखक रसेल टी. डेव्हिस लिहील.

आता ही बातमी चांगली की वाईट यावर चाहत्यांमध्ये जी जुंपली ती जुंपलीच. निम्मे लोक नाचतायत, चला मालिका जिवंत आहे म्हणून. उरलेले रडतायत, डिस्नेचा पैसा गेला म्हणजे आता बजेट कापणार, बजेट कापलं की मग पुठ्ठ्याचे राक्षस, हलणाऱ्या भिंती, संपलं सगळं. भीती अगदीच हवेतली नाही, बीबीसीचा खर्च तिकडच्या लोकांच्या लायसन फीवर चालतो (आपल्याकडे आजोबांच्या रेडिओचं लायसन असायचं ना पोस्टातून, तसंच) आणि ती फी 2022 पासून दोन वर्षं 159 पौंडांवर गोठवून ठेवली होती. 2025 मध्ये ती 174.50 पौंड झाली खरी पण मधल्या महागाईत गेलं ते गेलंच.

पण मला या रडणाऱ्यांना सांगायचंय की तुम्ही चुकीच्या गोष्टीला घाबरताय.

मी कॉलेजात असताना चार वर्षं पुरुषोत्तमला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, बॅकस्टेज केलंय, भरत नाट्यच्या विंगेत उभं राहून थर्माकोलचे दगड सरकवलेत, त्यामुळे पैसे नसले की डोकं कसं चालतं ते मला माहितीये. आणि ही मालिका तर जन्मलीच अशा कडकीत. पहिली गोष्ट दिग्दर्शित केली ती वारिस हुसेन यांनी, लखनौचा जन्म, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा, तेव्हा वय फक्त 24. स्टुडिओ जुना, अरुंद आणि दिव्यांनी तापलेला. कालयंत्राने खरं तर जिथे जाईल तिथला आकार घ्यायचा, म्हणजे रोममध्ये खांब आणि जंगलात झाड वगैरे, पण दर गोष्टीला नवं खोकं बनवायला पैसे कोण देणार, मग ते यंत्र बिघडलंय असं ठरवून टाकलं आणि पोलिसांचं निळं खोकं कायमचं राहिलं. आज तेच खोकं मगांवर नि टी-शर्टांवर विकून कमाई होतेय! ते उडताना जो घरघर आवाज येतो तो ब्रायन हॉजसनने आईच्या घराची किल्ली जुन्या पियानोच्या तारांवर घासून काढलेला. शीर्षकसंगीत रॉन ग्रेनरचं, पण डेलिया डर्बीशायरने एकेक सूर टेपवर घेऊन, त्या टेपा कापून चिकटवून ते उभं केलं, सिंथेसायझर नव्हताच. आणि सगळ्यात गाजलेला खलनायक डॅलेक, त्याचा हात म्हणजे काय तर सिंक तुंबलं की वापरतो तो रबरी पंप. मागच्या रांगेतले डॅलेक तर नुसते फोटो मोठे करून उभे केलेले.

1970 ला मालिका रंगीत झाली, खर्च वाढणार म्हणून डॉक्टरला शिक्षा देऊन पृथ्वीवरच अडकवलं, म्हणजे परग्रह बांधायला नकोत, आणि वर्षाचे 44 भाग होते ते 25 वर आणले. म्हणजे कपात कथेतच मुरवली. मला त्यातलं डोकं आवडतं, राज्य नाट्य स्पर्धेत काळ्या पडद्यासमोर एक खुर्ची ठेवून राजवाडा दाखवतात ना, तेच हे.

बरं हे सगळं जुनं झालं असं म्हणाल तर 2008 चा 'मिडनाइट' हा भाग बघा. एक बंद गाडी, आत सात-आठ माणसं, बाहेर काहीतरी आहे जे आपल्याला एकदाही दिसत नाही, ते एका बाईत शिरतं आणि ती बाई सगळ्यांची वाक्यं परत म्हणायला लागते, आधी मागून, मग बरोबरीने, मग आधीच. बस, एवढंच. राक्षसाच्या मेकअपला शून्य खर्च. ही सरळसरळ एकांकिका आहे हो, उद्या कुठल्याही कॉलेजने बसवली तर बसेल. आणि लिहिली कोणी तर याच रसेल टी. डेव्हिसने. 2007 च्या 'ब्लिंक'मध्ये डॉक्टर स्वतः जेमतेम काही मिनिटं दिसतो, कारण एकाच वेळी दोन भागांचं शूटिंग चालू होतं आणि नट एकच. त्यातले भुताटकीचे पुतळे म्हणजे मेकअप केलेल्या नट्या, ज्या कॅमेऱ्यासमोर हलतच नाहीत. त्या भागाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि माझा भाचा अजून बागेतल्या पुतळ्यांकडे पाठ करत नाही.

याउलट डिस्नेच्या पैशातला तो मे महिन्यातला शेवटचा भाग. हाडांचे प्रचंड सांगाडे आकाशातून चालतायत, लंडन फुटतंय, सगळं आहे, पण मधेच मला चहा टाकावासा वाटला आणि मी टाकला.

पुठ्ठ्याचा राक्षस वाईट दिसतो हे मी नाकारत नाहीये. 1984 मध्ये मिर्का नावाचा एक समुद्री प्राणी होता, आत दोन माणसं शिरून तो चालवायची, आपल्याकडे मिरवणुकीत घोड्याचं सोंग असतं ना तसा. त्याचा रंगसुद्धा वाळला नव्हता. पण तो तसा झाला कशामुळे तर तिकडे 1983 ची निवडणूक अचानक लागली, स्टुडिओच्या तारखा अलीकडे आल्या आणि तयारीला वेळच उरला नाही. पैसे थोडे कमी असते नि वेळ बरा मिळाला असता तर त्याचं एवढं हसं झालं नसतं असं माझं मत आहे, बॅकस्टेजवाल्या माणसाचं.

मग घाबरायचं कशाला? भागांच्या आकड्याला. 2005 मध्ये मालिका परत आली तेव्हा वर्षाला 13 भाग होते. डिस्नेचा एवढा पैसा आला तेव्हा किती झाले, तर आठ आणि ख्रिसमसचा एक! म्हणजे पैसे वाढले आणि भाग घटले, हे गणित कोणी का मांडत नाही मला कळत नाही. आणि आता तर मे 2025 पासून डिसेंबर 2026 पर्यंत डॉक्टरचा एकही भाग नाही, जवळजवळ एकोणीस महिने. मध्ये डिसेंबर 2025 मध्ये पाच भागांची एक जोडमालिका आली पण तिच्यात डॉक्टरच नाही, बिनविठ्ठलाची वारी.

जुन्या चाहत्यांना 1985 आठवत असेल. तेव्हा बीबीसी वन वाहिनीचा प्रमुख मायकेल ग्रेडने मालिका अठरा महिने थांबवली तर केवढा गदारोळ, कलाकारांनी एकत्र येऊन गाणं काढलं (ते चाललं नाही, ऐकलंत तर का ते कळेल). परत आली ती जवळजवळ चाळीस टक्के कमी होऊन, आधी 45 मिनिटांचे 13 भाग होते, नंतर 25 मिनिटांचे 14. चार वर्षांत, डिसेंबर 1989 मध्ये, ती थांबली, आणि बंद केली असं कोणी धड सांगितलंसुद्धा नाही, पुढचं कधीतरी करू म्हणाले. ते कधीतरी यायला 2005 उजाडलं, मधे 1996 चा एक टीव्हीपट सोडला तर काही नाही. माझी भीती ती ही. हळूहळू भाग कमी करायचे, मधली गॅप वाढवायची, आणि मग लोक बघत नाहीत म्हणून बंद करायचं. आमच्याकडच्या एका चांगल्या लायब्ररीचं असंच झालं, आधी रविवारी बंद, मग संध्याकाळी बंद, मग वर्गणीदार येत नाहीत म्हणून कायमची बंद.

म्हणून चाहत्यांनी बजेटवरून रडण्यापेक्षा एकच मागणं लावून धरावं, वर्षाला दहा-बारा भाग द्या, त्यातले पाच-सहा एका खोलीतले चालतील, परग्रहाऐवजी दगडाची खाण दाखवा (वर्षानुवर्षं तेच दाखवलंत), पण दर शनिवारी द्या. आणि 2026 च्या ख्रिसमसनंतर पुढे काय ते आत्ताच सांगा. 'आमची बांधिलकी आहे' एवढ्यावर आम्ही किती दिवस काढायचे.

इथून मराठी पेपरात लिहून बीबीसी काय ऐकणार असं आमच्या घरी म्हणाले. पण 1974 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका पंधरा वर्षांच्या पोराचं 'डॉक्टर हू'च्या कौतुकाचं पत्र 'रेडिओ टाइम्स'मध्ये छापून आलं होतं, त्याचं नाव पीटर कपाल्डी, आणि तो 2013 मध्ये डॉक्टर झाला. 1986 मध्ये ख्रिस चिबनॉल नावाचा एक तरुण चाहता टीव्हीवर जाऊन लेखकांच्या तोंडावर गोष्टी बऱ्या नाहीत म्हणाला, तोच पुढे 2018 ला मालिकेचा प्रमुख लेखक झाला (आणि मग त्याच्या गोष्टींना लोकांनी नावं ठेवली, ते वेगळंच).

माझा भाचा यंदा नववीत आहे. त्याला मी सांगितलं की ख्रिसमसला येणारे, एक भाग. त्याने बोटं मोजली आणि म्हणाला, मामा, तेव्हा माझं दहावीचं वर्ष असणार, दोन महिन्यांवर बोर्ड, आई मला बघू देणार का? त्याच्या आईशी, म्हणजे माझ्या ताईशी, माझं त्यावर बोलणं चालू आहे, आणि डिस्ने गेल्यावर तो भाग इथे कुठल्या ॲपवर दिसणार हे कोणाला कळलं तर कृपया याच सदरात छापा.

आपला,
एक वाचक, पुणे