गरम झऱ्याशेजारचा गार पट्टा

पुणे,
१४ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. इतकी वर्षं बँकेत काढलीस, तरी प्रश्न अजून जिऑलॉजीवाल्याचेच विचारतोस, याचा फार आनंद झाला. समुद्रतळाशी गरम झऱ्यांतलं ३६० अंशांचं पाणी उकळत कसं नाही? तर डोक्यावर साडेतीन किलोमीटरहून जास्त पाणी असतं. त्या दाबाखाली वाफ व्हायला वावच नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. अटलांटिकच्या मधोमध, २६ अंश उत्तरेला, 'टॅग' नावाचं टेकाड आहे. सुमारे २०० मीटर रुंद, ५० मीटर उंच, बरंचसं लोखंड, तांबं आणि जस्ताच्या सल्फाइडांचं, म्हणजे गंधकाशी जोडलेल्या धातूंचं. माथ्यावरच्या धुराड्यांतून काळं पाणी उसळतं. १९९३ मध्ये 'अल्विन' पाणबुडीतून त्या टेकाडात तापमापक सळई खुपसून खालून किती उष्णता येते ते मोजलं. बऱ्याच ठिकाणी आकडे प्रचंड आले. पण मुख्य धुराड्यांच्या पश्चिमेला, अवघ्या २० ते ५० मीटरांवर, एक पट्टा गार निघाला. दर चौरस मीटरला २० मिलिवॅटहून कमी! जमिनीवरची सरासरी ६५ च्या आसपास असते. म्हणजे जगातल्या एका अतितप्त झऱ्याच्या शेजारी साध्या माळरानापेक्षा कमी उष्णता.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. चुलीत जाळ धरला की खालून वारा ओढला जातो ना, तसंच काहीसं. गरम पाणी वर सुटतं आणि शेजारून समुद्राचं गार पाणी टेकाडात शिरतं. वर येऊ पाहणारी उष्णता ते पाणीच पिऊन टाकतं.

याचा दुसरा पुरावा १९९४ मध्ये मिळाला, 'जॉयडेस रेझोल्यूशन' जहाजाने टेकाडात भोकं पाडली तेव्हा. आत एनहायड्राइट नावाच्या पांढऱ्या दगडाच्या शिराच शिरा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलटं. समुद्राचं पाणी दीडशे अंशांपलीकडे तापलं की त्यातलाच कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन हा दगड बसतो. समुद्राचं पाणी आत गेल्याशिवाय तो एवढा साठणार कुठून?

आणि झरा थंडावला की तोच दगड परत विरघळतो! टेकाड आतून पोकळ होतं, खचतं, सल्फाइडांचे तुकडे होतात. पुन्हा गरम पाणी सुटलं की ते त्या तुकड्यांना सांधतं, आतलं जस्त विरघळवून बाहेरच्या कडांना नेऊन बसवतं. टॅगवर हे पन्नास हजार वर्षं थांबत-थांबत चाललंय. सायप्रसच्या तांब्याच्या जुन्या खाणींतही असेच तुटके, सांधलेले तुकडे सापडतात. त्या खाणींची जागाही कधीकाळी समुद्रतळच होती. एनहायड्राइट मात्र तिथून केव्हाच गेलंय.

डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने आणि चेन्नईच्या महासागर तंत्रज्ञान संस्थेने हिंद महासागरात साडेचार हजार मीटरवरच्या जिवंत झऱ्याचं चित्रण केलं. तेव्हापासून सगळे तिथल्या तांब्या-सोन्याबद्दल बोलतात. मला मात्र वाटतं, आधी त्याच्या आजूबाजूला मीटर-मीटरवर सळई खुपसून बघावं. तिथला गार पट्टा कोणत्या बाजूला असेल, सांग ना?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
विनय